हृदयाच्या डॉक्टरांनी पाळीचं का विचारलं?

(ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढलीय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

मी येडशीहून बोलतेय. मागं ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. सोलापूर-धुळे महामार्ग आमच्या घरापासून लांब नाही. मी गोधडी पांघरून रेकॉर्डिंग करते, तरी हॉर्न गोधडीतून आत येतातच.

आजचा भाग दोन महिने डोक्यात घोळतोय. सुरुवात मावशीपासून करते.

माझी मावशी ५१ वर्षांची. गेल्या हिवाळ्यात तिच्या पाठीत, खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं. जबडा पण दुखत होता. तिनं दाढेवर लवंग ठेवली, पित्ताची गोळी घेतली, आणि दोन दिवस तशीच कामं केली. तिसऱ्या दिवशी जिना चढताना दम लागला, घाम फुटला, तेव्हा सोलापूरला नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. स्टेंट टाकला, वाचली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. त्यांनी माहिती विचारली: बीपी आहे का, शुगर आहे का, घरात कुणाला हार्ट अटॅक आला होता का. मी सांगितलं, आजोबा गेले ५२ व्या वर्षी, पहाटे गोठ्यात. तेव्हा सगळे म्हणाले गॅस छातीत चढला. डॉक्टरांनी मान हलवली आणि मग मावशीला विचारलं, "मावशी, तुमची पाळी कधी गेली?"

मी चमकले. हृदयाचा डॉक्टर, आणि पाळीचं विचारतोय?

मावशीनं पदर सावरत सांगितलं, "पिशवी काढून ईस वर्सं झाली, सायेब."

ते म्हणाले, "म्हणजे एकतिसाव्या वर्षी. अंडाशयं ठेवली होती का?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी मावशीकडं. उत्तर दोघींकडंही नव्हतं.

त्यांनी असं का विचारलं, आणि तुमच्या-माझ्या वयाच्या मुलींनी त्यातून काय घ्यायचं, हे आज सांगते. मी डॉक्टर नाही. जे वाचलं आणि जे डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं, तेवढंच सांगणार.

पिशवी वेगळी, अंडाशय वेगळं

आपल्याकडं "पिशवी काढली" म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात जातात. गर्भाशय म्हणजे ती पिशवी, जिथं बाळ वाढतं. तिच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. पाळी पिशवीतून येते, पण पाळीचं घड्याळ चालवणारे हार्मोन, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, अंडाशयात तयार होतात. थोडं टेस्टोस्टेरॉनसुद्धा तिथंच बनतं. हो, बायकांच्याही अंगात ते असतं.

नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयं हार्मोन बनवत राहतात. तरी त्यांचं काम पुढं काही वर्षं आधीच मंदावू शकतं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर ऑपरेशनच्या दिवशीच इस्ट्रोजेन एकदम खाली येतं. जो बदल निसर्ग काही वर्षांत हळूहळू करतो तो एका दुपारी उरकतो. तीस-बत्तीस वर्षांची बाई रात्रीतून रजोनिवृत्त.

भारतात पाळी नैसर्गिकपणे जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. ४० च्या आत गेली तर ती अकाली, ४० ते ४५ मध्ये गेली तर लवकर, असं डॉक्टर धरतात. मावशीची गेली ३१ व्या वर्षी.

इस्ट्रोजेन हृदयासाठी करतं काय?

ठिबकची नळी डोळ्यापुढं आणा. नवी असते तेव्हा आतून गुळगुळीत, थोडी लवचिक. पाणी जड असेल तर क्षार बसतात आणि एखादं छिद्र बुजतं. रक्तवाहिनीचं साधारण असंच. फरक एवढाच की क्षारांच्या जागी चरबी, म्हणजे मुख्यतः एलडीएल कोलेस्टेरॉल, आणि ती नुसती वर चिकटत नाही, वाहिनीच्या भिंतीत शिरून बसते.

पाळी चालू असते त्या काळात इस्ट्रोजेन तीन-चार कामं करतं. यकृताला रक्तातलं एलडीएल जास्त उचलायला लावतं. चांगलं समजलं जाणारं एचडीएल थोडं वर ठेवतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार व्हायला मदत करतं, त्यानं वाहिनी सैल राहते. आणि चरबी पोटावर साठण्यापेक्षा मांड्या-नितंबांवर साठते, ती तुलनेनं कमी त्रासाची.

पाळी गेली की हे पारडं फिरतं. अमेरिकेत १९९६ पासून 'स्वॅन' नावाच्या अभ्यासात हजारो बायकांची पाळी जाण्याच्या आधीपासून वर्षानुवर्षं तपासणी झाली. शेवटच्या पाळीच्या आसपासच्या एका वर्षात एलडीएल ठळकपणे चढतं, असं त्यात दिसलं. नुसतं वय वाढल्यानं ते इतकं झटकन चढत नाही.

टेस्टोस्टेरॉनचाही यात वाटा आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन जितकं घसरतं तितकं टेस्टोस्टेरॉन घसरत नाही, त्यामुळं दोघांचं गुणोत्तर बदलतं. पाळी गेलेल्या २,८३४ बायकांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात इस्ट्रोजेनच्या मानानं टेस्टोस्टेरॉन जास्त होतं, त्यांना पुढच्या बारा वर्षांत हृदयविकार जास्त झाला.

म्हणून बायकांना हृदयविकार पुरुषांपेक्षा साधारण सात ते दहा वर्षं उशिरा गाठतो. ही सात-दहा वर्षं म्हणजे सवलत आहे. पाळी लवकर गेली की सवलत आधीच संपते. डॉक्टरांना मावशीची सवलत कधी संपली ते हवं होतं.

मग घरातल्या इतिहासाचं काय?

हृदयविकार घरात आहे असं कधी म्हणायचं? वडील किंवा सख्खा भाऊ यांना ५५ च्या आत, किंवा आई किंवा सख्खी बहीण यांना ६५ च्या आत हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालं असेल, तर डॉक्टर ते गंभीरपणे धरतात. माझे आजोबा ५२ व्या वर्षी गेले. म्हणजे मावशीच्या आणि आईच्या कागदावर हा शेरा लागतोच. आता मावशीला ५१ व्या वर्षी झालं. आईच्या कागदावर दुसरा शेरा.

त्यात आपण दक्षिण आशियातले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात ५२ देशांमधले लोक होते. आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक बाकी जगापेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो, असं त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासातली एक बाजू धीर देणारी आहे. तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोटाचा घेर, ताण, खाणं, व्यायाम, दारू या नऊ गोष्टी मिळून बायकांमधल्या अटॅकचा ९० टक्क्यांहून जास्त धोका समजावता येतो. घरातला इतिहास बदलत नाही. या नऊपैकी बहुतेक बदलतात.

घरातला इतिहास आणि लवकर गेलेली पाळी हे दोन वेगळे धोके. एकाच बाईच्या वाट्याला दोन्ही आले की हिशोब जड होतो. माझ्या घरी तेच झालं होतं आणि कुणी बेरीज केली नव्हती.

आईची ट्रंक

सोलापूरहून येताना एसटीत मला आठवलं, आईचंही ऑपरेशन झालंय. मी दुसरी-तिसरीत होते. आई आठवडाभर नव्हती, आज्जीनं वेण्या घातल्या होत्या, एवढंच लक्षात होतं.

घरी आल्यावर विचारलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "पिशवी खराब झालीय म्हणले, काढून टाकली. आता कशाला उकरून काढतीस?"

"कोणत्या वयात गं?"

"तेहतीस आसंल. तुझ्या भावाची मुंज... न्हाई, तू दुसरीत व्हतीस."

"अंडाशयं ठेवली का काढली?"

"मला काय म्हाईत? कागद ट्रंकंत हाय, बघ."

ट्रंकेत रेशनकार्ड, सातबारा, माझ्या बारशाचा फोटो आणि त्याच्या खाली पिवळी पडलेली फाइल. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती: टी.ए.एच. विथ बी.एस.ओ. पहिली तीन अक्षरं म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढलं. दुसरी तीन म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशयं काढली.

तेरा वर्षं आई त्या तीन अक्षरांच्या वर रेशनकार्ड ठेवत आली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. अंगातून वाफा निघायच्या, रात्री घामानं पोलकं भिजायचं, तेव्हा ती म्हणायची उन्हाळा लागलाय. तिच्या फाइलवर आजाराच्या जागी पांढरं जाणं आणि कंबरदुखी लिहिलंय. त्या दवाखान्याचं नाव मी घेणार नाही. प्रश्न एका दवाखान्याचा नाहीच.

आपल्या भागात हे इतकं का झालं

२०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्याचं नाव देशभर गेलं. ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जातायत, असं पुढं आलं. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. त्याच्या आधी, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातलं प्रमाण १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात तीनच्या थोडं वर होतं. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, पण फरक लपत नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातूनही टोळ्या जातात. मावशी कळंब तालुक्यातली, बारा हंगाम कोयत्यावर गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला की पैसे कापले. पाळीत फडात आडोसा नाही, पाणी नाही, पहाटे तीनला उठून मोळ्या वाहायच्या. अंगावरून जायला लागलं की दवाखाना, आणि दवाखान्यात ऐकू येतं, "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." पोरं झालेली असतात, खाडा परवडत नसतो. बाई म्हणते, काढा एकदाची.

हा कॅन्सरचा धाक आहे ना, त्यावरचं उत्तर आपल्याच जिल्ह्यातून जगाला मिळालंय. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, गावागावांत, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्यात होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एकदाच एचपीव्ही चाचणी केली, आणि ज्यांच्यात दोष निघाला त्यांच्यावर वेळेत उपचार केले, तर या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. २००९ मध्ये हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं आणि जगभरच्या तपासणीच्या पद्धती ठरवताना आपल्या बायकांची ही आकडेवारी वापरली गेली. म्हणजे कॅन्सरची भीती असेल तर आधी तपासणी करायची. नुसतं पांढरं जातंय म्हणून पिशवी काढायची नाही.

गरज असेल तेव्हा ऑपरेशन करावंच लागतं. कॅन्सर निघाला, मोठ्या गाठी असल्या, रक्तस्राव कशानंच थांबत नसला, तर ते जीव वाचवतं. ज्या घरांत स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिथं विचार करून अंडाशयंही काढतात. म्हणून हे ऐकून कुणी ठरलेलं ऑपरेशन परस्पर रद्द करू नका, प्रश्न विचारा. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय काढणं थांबवण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही.

मग गोळीनं हार्मोन भरून काढायचं?

माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं. इस्ट्रोजेन गेलं ना, मग देऊ परत. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांच्याही डोक्यात हेच आलं होतं, आणि त्यांना जोरात ठेच लागली.

आधी पुरुषांवरच प्रयोग झाला. अमेरिकेत एकदा अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन दिलं. फायदा सोडाच, अटॅक आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. जास्त डोसचा गट १९७० मध्ये बंद केला, कमी डोसचा १९७३ मध्ये.

मग बायका. १९९८ मध्ये आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांवरचा 'हर्स' अभ्यास आला. हार्मोन देऊन एकूण फायदा नाही, उलट पहिल्या वर्षी त्रास जास्त. २००२ मध्ये १६,६०८ बायकांचा 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' अभ्यास मुदतीच्या आधीच थांबवावा लागला. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७ आणि पक्षाघाताच्या ८ घटना जास्त होत होत्या.

पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, नळीत क्षार आधीच बसलेले. पुढं आकडे वयानुसार वेगळे करून बघितले, तेव्हा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्यांमध्ये हृदयाचा तसा तोटा दिसला नाही. ज्यांची अंडाशयं ४५ च्या आत काढली होती अशा बायकांचा अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यांच्यात हृदयविकारानं मृत्यू जास्त दिसले, आणि ते मुख्यतः ज्यांना नंतर इस्ट्रोजेन दिलं नव्हतं त्यांच्यात.

थोडक्यात दोन गोष्टी. पाळी वेळेवर गेलेल्या बाईनं हृदय वाचवायला म्हणून हार्मोनची गोळी घ्यायची नाही. आणि जिची पाळी ४० च्या आत गेली किंवा अंडाशयं काढली, तिला काही अडचण नसेल, उदाहरणार्थ स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या, तर नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावं असं आज डॉक्टर म्हणतात. हृदयासाठी, आणि हाडांसाठीही. ऑपरेशनच्या वेळीच ही चर्चा व्हायला हवी. आईशी ती झालीच नाही.

हे सगळं पंचविशीत मला कशाला?

इथं इयरफोन काढू नका. पाळी चालू असतानाही शरीर पुढचे इशारे देत असतं.

पहिला इशारा पीसीओडी. पाळी दोन-तीन महिने चुकणं, हनुवटीवर केस, वजन वाढणं. यात टेस्टोस्टेरॉनसारखे हार्मोन जास्त असतात आणि बहुतेक जणींत इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल लवकर बिघडतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनं तर पीसीओडी असलेल्या बाईला हृदयविकाराचा धोका जास्त धरा असं स्पष्ट सांगितलंय. त्यामुळं हा प्रश्न फक्त "लेकरू होईल का" एवढा नाही. वर्षाला बीपी आणि ठरावीक काळानं शुगर व कोलेस्टेरॉल तपासायला हवं.

दुसरा इशारा बाळंतपणातला. गरोदरपणात बीपी वाढून पायाला सूज, लघवीतून प्रथिनं जाणं, झटके येणं, किंवा त्या काळापुरती शुगर. बाळंत झाल्यावर बीपी उतरतं आणि सगळे विसरतात. पण अशा बाईला पुढं हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. हे आयुष्यभर प्रत्येक डॉक्टरला सांगायचं.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. तुळजापूरला जायचंय, घरात लग्न आहे, गौरी आहेत, म्हणून मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणतो. गर्भनिरोधक गोळ्याही तशाच. बहुतेक तरुण मुलींना त्या चालतात. पण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी क्वचित रक्तात गुठळी होते, आणि पाळी ढकलायच्या गोळीचा काही भाग अंगात इस्ट्रोजेनसारखाच होतो. घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, बीपी असेल, डोळ्यांपुढं चमकून मायग्रेन होत असेल, किंवा पस्तिशीनंतर बिडी-सिगारेट असेल, तर विचारल्याशिवाय या गोळ्या नकोत. इस्ट्रोजेन नसलेले उपाय आहेत. तांबी आहे, लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेली 'छाया' आहे.

आणि मिश्री. आमच्याकडं निम्म्या बायका सकाळी मिश्री लावतात. "ते काय तंबाखू खाणं नव्हं," असं मावशी म्हणायची. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं, नाडी आणि बीपी चढवतं. स्टेंट टाकल्यावर डॉक्टरांनी पहिली तीच डबी मागितली.

आज घरी विचारायचे तीन प्रश्न

एक: आई, मावशी, आज्जी, आत्या यांची पाळी कोणत्या वयात गेली? आपोआप गेली की ऑपरेशननं? ऑपरेशन झालं असेल तर अंडाशयं ठेवली का? कागद शोधा. कागद नसेल तर सोनोग्राफीत डॉक्टर बघायचा प्रयत्न करतात.

दोन: घरात कुणाला कोणत्या वयात हृदयाचा त्रास झाला? "गॅस झाला", "दम लागून गेली", "झोपेतच गेले" यांच्या मागं जा. बायकांच्या मृत्यूला तर आपल्याकडं कारणच लावत नाहीत.

तीन: गरोदरपणात बीपी किंवा शुगर होती का?

ही उत्तरं मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा आणि तपासणीला जाताना दाखवा. तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. घरात लहान वयात अटॅक असेल तर तिशीची वाट बघू नका, विशीतच एकदा कोलेस्टेरॉल तपासा. आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए ही रक्ततपासणी करता आली तर करा. ते प्रामुख्यानं वारशानं येतं आणि साध्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही.

आणि मावशीचं लक्षात ठेवा. बायकांनाही अटॅकमध्ये छातीत दुखतंच, पण त्यासोबत किंवा कधी त्याच्याशिवाय जबडा, पाठ, खांदा दुखणं, मळमळ, घाम, अचानक दम लागणं, विलक्षण थकवा असतो. पित्त म्हणून दोन दिवस काढू नका. १०८ ला फोन करा, ईसीजी काढा. पित्त निघालं तर हसून घरी या.

आमच्या घरचं सांगून थांबते

आईला तपासायला नेलं. बीपी १४८/९२, एलडीएल १६४. तिला काहीच त्रास नव्हता, ती तर मलाच पैसे वाया घालवले म्हणून बोलत होती. गोळ्या चालू झाल्या. हार्मोन आता इतक्या वर्षांनी द्यायचं की नाही, हे हाडांची आणि हृदयाची तपासणी बघून स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवणार आहेत. संध्याकाळी ती आणि शेजारची काकू रामलिंगाच्या रस्त्यानं चालायला जातात. माकडांच्या भीतीनं हातात काठी असते, आणि त्यामुळं चाल जरा जोरात होते असं तिचं म्हणणं आहे.

वहिनीचं मात्र मी अजून सांगितलं नव्हतं. वहिनी ३२ वर्षांच्या. याच उन्हाळ्यात त्यांना एका ठिकाणी पिशवी काढायला सांगितलं होतं. तारीख ठरली होती, भावानं पैशांची जुळणी केली होती. आईचं कार्ड सापडलं त्या रात्री मी ते त्यांच्यापुढं ठेवलं आणि तीन अक्षरांचा अर्थ सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या का आधी?"

दाखवलं. गर्भाशयमुखाची तपासणी झाली, काही निघालं नाही. सोनोग्राफीत एक छोटी गाठ आहे. सहा महिने औषधं घेऊन परत बघू, असं डॉक्टर म्हणाले. पुढं कदाचित ऑपरेशन लागेलही. लागलं तर वहिनी टेबलावर जाण्याआधी विचारणार आहेत, अंडाशयं ठेवणार का, आणि काढणार असाल तर का. त्यांनी ते वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय, मी बघितलंय.

आज रात्री जेवताना आईला विचारा. ती म्हणेल, कशाला उकरून काढतीस. तरी विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.